एकदाचं उरकून टाका

कोरेगाव तालुक्यात आमचं गाव. दसऱ्याच्या आगेमागे घराच्या सोप्यात वाघ्या घेवड्याचा ढीग पडतो आणि बायका सुपं घेऊन बसतात. यंदा मी गेले तेव्हा दोघीच होत्या, काकू आणि आत्या. आत्या म्हणजे काकूची नणंद. १९८६ पासून २०२२ पर्यंत जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात नर्स. पंचक्रोशीत तिला नावानं कुणी ओळखत नाही, ‘नर्सबाई’ म्हटलं की झालं. दोघी वयानं बरोबरीच्या, साठी गाठलेल्या. आत्या खाली मांडी घालून, काकू लाकडी स्टुलावर. काकू खाली बसत नाही. गुडघे धरले असतील, असं आम्ही सगळेच समजून चाललो होतो.

वाद निघाला धाकट्या वहिनीवरून. ही काकूची सून. लग्न उशिरा, पहिलं बाळ चौतिसाव्या वर्षी, सिझर. बाळ आता आठ महिन्यांचं. पुण्याच्या कंपनीचं काम ती सध्या इथूनच लॅपटॉपवर करते. माडीवर तिची मीटिंग चालू होती आणि बाळ आत्याच्या मांडीवर बसून सुपातला दाणा तोंडात घालायच्या खटपटीत होतं.

“वन्सं, तुम्ही तिला ते तीन वर्षांचं काय सांगत बसू नका,” काकू म्हणाली. “पस्तिसावं लागंल आता. तुमचं ऐकत बसली तर सदतिसाव्याला बाळंतपण. त्यापेक्षा पाठोपाठ होऊन जाऊ दे. दोघं एकदम वाढतील, एकदाच रात्रीची जागरणं, एकदाच नोकरीची खोटी. एकदाचं उरकून टाकलं की बाई मोकळी.”

“मोकळी कशातनं?” आत्यानं बाळाच्या तोंडात बोट घालून दाणा काढला. “आठ महिन्यांपूर्वी पोट फाडलंय तिचं. वरचे टाके दिसत नाहीत म्हणून आतले भरले असं नसतं.”

“आमचे कोण बघायला आलं होतं?”

इथे आत्या गप्प बसली. पुढे कळलं ते का.

आत्याचं ‘तीन वर्षांचं’ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण गावात त्याचा हमखास घोळ होतो. खात्याच्या पोस्टरवर असतं दोन मुलांमधलं अंतर: या वाढदिवसापासून त्या वाढदिवसापर्यंत. डॉक्टर मोजतात ते वेगळं: एक बाळंतपण झाल्यापासून पुढचे दिवस जाईपर्यंत. २००५ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जिनिव्हात जाणकारांची बैठक भरवली आणि हे दुसऱ्या प्रकारचं अंतर निदान २४ महिने असावं असं सुचवलं. त्यात नऊ महिने मिळवा, ३३ झाले, पोस्टरवर तीन वर्षं झाली. गंमत अशी की बैठकीपुढच्या अभ्यासांतून २४ हाच आकडा काही ठामपणे निघत नव्हता. कुठे १८ येत होता, कुठे २७. पण बाळाला दोन वर्षं अंगावर पाजा हे आधीपासून सांगितलं जातच होतं. त्याला जोडून ‘दोन वर्षं थांबा’ म्हणणं सोपं. नर्सबाईला दारोदार सांगायचा आकडा असा तोंडात बसणारा लागतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तो दगडावरची रेघ नव्हे.

काकूला हे सांगितलं तर ती खुलली. “बघा. त्यांचंच ठरेना.”

“आकडा ठरेना, वहिनी. घाई वाईट हे ठरलंय,” आत्या म्हणाली. “बाळंतीण पांढरीफटक असते, ते रक्त कुठनं येतं परत? आळवाच्या फदफद्यानं?”

आत्याचं म्हणणं मोजून सांगता येतं. एका गरोदरपणाला साधारण एक ग्रॅम लोह लागतं. चिमूटभर. पण रोजच्या जेवणातून अंगाला लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम. बाळंतपणानंतर त्यातलं थोडं अंगातच परत जिरतं; सिझरला रक्त जास्त गेलं असेल तर तेही नाही. आणि सुरुवातच मुळात भरल्या हंड्यानं कुठे होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचा हंडा पहिल्या खेपेलाच अर्धा. फोलेटचं तसंच; गरोदरपणाच्या शेवटाला आणि पाजण्याच्या महिन्यांत ते उतरत जातं आणि भरून यायला वेळ घेतं. तेवढ्यात पुन्हा दिवस गेले तर नवं पोर आपला वाटा काढून घेतंच. आईच्या हाडांतून, रक्तातून, मिळेल तिथून.

लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागातल्या साडेचार लाखांहून जास्त बायकांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २००० साली आला. पाच महिने किंवा त्याच्या आत पुन्हा गरोदर राहिलेल्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका दीड-दोन वर्षं थांबलेल्यांच्या अडीच पट होता. शेवटच्या महिन्यांतला रक्तस्राव, वेळेआधी पाणी जाणं, बाळंतपणानंतर पिशवीत पू होणं, रक्तक्षय, हे सगळंही वाढलेलं. त्याच अभ्यासाचं दुसरं टोक मात्र नर्सबाया फारसं सांगत नाहीत: पाच वर्षांच्या पुढे अंतर गेलं की रक्तदाब वाढणं आणि झटके येणं यांचा धोकाही चढतो. जणू पहिलटकरीणच पुन्हा.

“म्हंजे लई थांबणंबी वाईट!” काकूनं सूप आपटलं.

“तुम्हाला पाच वर्षं कोण म्हणालं?”

“मला पाच न्हाई, पाच महिनेबी कुणी दिलं न्हाईत. चार झाली सहा वर्षांत. मेले का मी?”

हा काकूचा हुकमी पत्ता. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या सासवांचा तोच असतो. त्यावर ‘मेलेल्या सांगायला येत नाहीत’ हे उत्तर आत्याच्या तोंडात तयार असणार, पण ती ते बोलली नाही. मी मात्र काकूच्या बाजूनं एक गोष्ट मांडली, कारण ती खरी आहे. ज्या बायकांची बाळंतपणं पाठोपाठ होतात त्या बहुधा गरीब असतात, कमी वयाच्या असतात, दवाखान्यापासून लांब असतात. मग दोष अंतराचा की हालाखीचा? हे वेगळं करायला पश्चिम ऑस्ट्रेलियात चाळीस हजार आयांची तीन-तीन बाळंतपणं, प्रत्येकीची आपापसात, ताडून पाहिली. २०१४ सालच्या त्या अभ्यासात, कमी अंतरामुळे बाळ लवकर होतं, लहान होतं, हा ठपका बराच फिका पडला. पुरता पुसला नाही, फिका पडला.

“तरी मी म्हणतेय,” काकू म्हणाली.

“पण ते बाळांचं,” मी म्हटलं. “आयांचं वेगळं निघालंय.” २०१८ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सुमारे दीड लाख गरोदरपणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पस्तिशीच्या आतल्या आयांनी घाई केली तर भोगतं ते मुख्यतः बाळ. पस्तिशी ओलांडलेल्या आयांनी सहा महिन्यांत पुन्हा दिवस राहू दिले, तर आईच्या स्वतःच्या जिवावर बेतण्याचा, अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका वाढतो. तरुण आयांमध्ये हा वाढलेला धोका दिसला नाही. म्हणजे ‘वय उलटतंय, घाई कर’ हे आपण नेमकं जिला सांगतो तिच्याच अंगाला घाई सोसत नाही. आणि याच अभ्यासानं हेही म्हटलं की दोन वर्षांचा हट्ट नको, वर्ष-दीड वर्षाचं अंतर बरंचसं काम करतं.

हे ऐकून दोघींचंही पुरतं समाधान झालं नाही, यावरून मला ते बरोबर असावं असं वाटलं.

“दीड वर्ष,” आत्यानं बोटावर मोजलं. “आठ झाले. दहा राहिले. चालतंय. सिझरच्या टाक्यालाही वेळ पाहिजेच. दीड वर्षाच्या आत दुसरं बाळंतपण सरळ करायला गेलं तर टाका उसवायचं भय जास्त. पण वहिनी, हे दहा महिने ती काढणार कशी?”

“कशी म्हंजे? पोर अंगावर पितंय की. पितंय तवर काय हुत न्हाई.”

आत्यानं बाळाकडे पाहिलं. “याचं उष्टावण कधी झालं?”

“दोन महिने झाले.”

“मग?”

ही गोष्ट आत्यानं इतक्या घरांतून इतक्या वेळा सांगितली आहे की तिचा आवाजच बदलतो. समोर काकू नसून वीस बायकांची बैठक असल्यासारखी बोलते. अंगावर पाजणं म्हणजे पाळणा लांबवणं, हे खरं आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे. पाळी आलेली नसली पाहिजे. आणि बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जाता कामा नये, घुटी नाही, पाणी नाही. तिन्ही पाळलं तर शंभरात अठ्ठ्याण्णव जणींना दिवस जात नाहीत. एक अट मोडली की भरवसा संपला. नाचणीचं सत्त्व सुरू झालं, बाळ रात्री झोपायला लागलं, दूध ओढणं कमी झालं, की आत अंडं तयार व्हायला लागतं. ते सुटतं पाळीच्या आधी. “बाई पाळी यायची वाट बघत बसते,” आत्या म्हणाली, “पाळी येतच नाही, आणि पोट दिसायला लागतं. अशा किती आल्या माझ्याकडे. ‘नर्सबाई, कावीळ झालीय का बघा, मळमळतंय.’”

मग आत्यानं खात्यातल्या सगळ्या साधनांची झाडाझडती घेतली, आणि ती ऐकण्यासारखी होती, कारण पोस्टरवर सगळी साधनं एका ओळीत सारखीच दिसतात. ‘अंतरा’ म्हणजे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. नाव छान आहे, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण वहिनीला ते नको, आत्या म्हणाली, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला पुन्हा सात-दहा महिने जाऊ शकतात, आणि ज्या बाईला वयाची घाई आहे तिचे तेवढे महिने फुकट. तांबी चालेल, काढली की लगेच मोकळं. ती तर सिझरच्या वेळीच बसवता आली असती, कुणी विचारलंच नाही. नाहीतर ‘छाया’ गोळी, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली, पाजणाऱ्या बाईला चालणारी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

“आणि त्याला काय सांगायचं न्हाई का?” काकूनं विचारलं. तिचा मुलगा तेव्हा मोटार चालू करायला गेला होता.

“त्यालाही सांगू. पण विसरतात ते.”

सातारा जिल्ह्यानं एकदा ‘त्याला’ सांगायचा प्रयत्न केला होता. २००७ साली जिल्हा परिषदेनं नवीन जोडप्यांसाठी योजना काढली: लग्नानंतर दोन वर्षं मूल थांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं थांबवलं तर साडेसात हजार. तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हणायचे, अगदी गंभीर चेहऱ्यानं. आत्याच्या हद्दीत काही जोडप्यांनी नावं घातली होती.

“पैशासाठी पाळणा लांबवायचा. काय काळ,” काकू म्हणाली.

“पैसे पहिल्याला होते. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे, जिथं बाई खरी झिजते, तिथं काही नव्हतं.” आत्या थांबली. मग सुपाकडे बघत म्हणाली, “तुम्ही म्हणता ते उरकणं, वहिनी, ते तुमचं नाही. ते आम्हीच शिकवलं.”

मला वाटलं ती वादाचा शेवट गोड करायला बोलतेय. तसं नव्हतं.

तिच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत दर नर्सला वर्षाचं उद्दिष्ट असायचं: इतकी ऑपरेशनं. शिबिराच्या दिवशी जीप यायची, शाळेच्या खोल्यांत बायका ओळीनं निजायच्या, दुर्बिणीचं ऑपरेशन पाच-दहा मिनिटांचं. मार्च अखेरीला आकडा भरला नाही तर पगार अडायचा, बैठकीत उभं करायचे. १९९६ मध्ये केंद्र सरकारनं ही उद्दिष्टं कागदावरून काढली, सवय राहिली. तांबीचे आकडेही असत, पण मान ऑपरेशनला. तांबी काढता येते, ऑपरेशन पक्कं. आणि ऑपरेशन करायचं तर आधी मुलं व्हायला हवीत. दोन मुलं नसलेली बाई नर्सच्या काही कामाची नव्हती. ती लवकर दोन मुलांची व्हावी यात सगळ्यांचीच सोय होती. सासूला नातू, खात्याला केस, बाईला सुटका. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बाई ‘मोकळी’. आजही महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि दोन मुलांमध्ये अंतर राखायची साधनं त्या मानानं फार थोड्या वापरतात. थांबणं हे कुणी शिकवलंच नाही. संपवणं शिकवलं.

“एकोणनव्वदच्या मार्चला मला एक केस कमी पडत होती,” आत्या म्हणाली.

काकू दाणे निवडत राहिली.

“मी म्हटलं होतं, वहिनी, चला, धाकटा सात महिन्यांचा झाला, आता कशाला वाट बघायची. तुम्ही आलात. मी रजिस्टरात तुमचं नाव घातलं. मुलं चार. धाकट्याचं वय सात महिने. त्या कागदावर पुढचं काही विचारायचा रकाना नव्हता. रक्त किती, अंग भरून आलं का, काही नाही.”

“तवा बरं वाटलं होतं मला,” काकू म्हणाली. “खरंच. वाटलं सुटले.”

वरची मीटिंग संपली होती. वहिनी खाली आली, कठड्याला धरून, शेवटच्या पायरीवर जरा टेकून. तिच्या हातात चहाचा कप. आत्यानं विचारलं, लाल गोळ्या पुऱ्या घेतल्या का? बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. वहिनीनं त्या दुसऱ्या महिन्यात सोडल्या होत्या, पोट साफ होत नाही म्हणून. गेल्या आठवड्यात कंपनीच्या तपासणीत रक्त काढलं होतं, तो रिपोर्ट तिनं मोबाईलवर दाखवला. हिमोग्लोबिन ९.४.

आत्यानं तो फोन काकूच्या हातात दिला. काकूला आकडे वाचता येतात. तिनं चष्मा वर करून पाहिलं, पण तिला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता आणि ती तसं म्हणाली नाही.

“तुमचं चाललेलं ऐकू येत होतं वर,” वहिनी म्हणाली. “मी म्यूटवर होते. मला दुसरं हवंय, आई. मलाही वाटतं लवकर व्हावं, वय मलाही दिसतं. पण आधी ही माडी मला एका दमात चढता येऊ दे. ते झालं की मी तुम्हाला सांगते.”

ही मोजदाद ना जिनिव्हाची, ना कॅनडाची. काकूनं मान हलवली, म्हणजे होकार दिला असं नाही. आत्यानं वहिनीच्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला, “गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको, लोह धरत नाही,” आणि बाळ तिच्याकडे दिलं. वहिनी त्याला पाजायला आत गेली.

सोप्यात पुन्हा दोघी. थोडा वेळ नुसता दाण्यांचा आवाज. मग काकू स्टुलावर एका बाजूला सरकली, नेहमी सरकते तशी, आणि माझ्याकडे न बघता आवाज खाली घेऊन आत्याला म्हणाली, “वन्सं, ते अंग बाहेर येतं ना, त्याला आता काय करता येतं का?”

आत्याचा हात सुपात थांबला. “कधीपासून?”

“धाकट्याच्या वेळंपासनं. भाद्रपदात झाला. सव्वा महिना झाला नव्हता आणि भुईमूग काढायला आला. पोती कुणी उचलायची?”

म्हणजे सदतीस वर्षं. ऑपरेशनच्या दिवशीही ते होतं. काकू मांडी घालून बसत नाही ते गुडघ्यांमुळे नव्हतं. आत्याला मी कधी असं पाहिलं नव्हतं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन तपासलं आणि आपल्या घरी स्टुलाचा अर्थ लागला नाही. पण नर्सच ती, तिनं लगेच कामाचं विचारलं. लघवीला त्रास होतो का, खोकलं की थेंब जातो का, रक्त दिसतं का. काकू एकेका शब्दात उत्तरं देत गेली. हे पाठोपाठच्या बाळंतपणांनी झालं का, हे तिनं मधेच विचारलं. आत्या म्हणाली, नुसत्या अंतरानं नाही, चार बाळंतपणं आणि ओल्या अंगानं उचललेली पोती. दोन्ही. पिशवी काढायलाच पाहिजे असं नाही, आत बसवायची रिंग मिळते, व्यायाम असतात, आधी बघू तर द्या डॉक्टरना.

“आता या वयात कशाला,” काकू म्हणाली. “इतकी वर्षं गेली.”

“सोमवारी सकाळच्या गाडीनं साताऱ्याला जाऊ. मी येते बरोबर.”

काकूनं सुपातला खडा वेचून अंगणात फेकला.

“उपाशीपोटी यायचं का?”